पूर्व काँगोतली लढाई: रवांडावर दबाव आणला तर थांबेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्व काँगोत तीस वर्षं लढाई चालू आहे, एम२३ हा तुत्सी नेतृत्वाखालचा बंडखोर गट रवांडाच्या जिवावर लढतो, आणि हे सगळं मोबाईलमध्ये लागणाऱ्या खनिजांसाठी चाललंय. मग अमेरिकेने आणि युरोपने रवांडाची मदत तोडली की लढाई थांबेल ना?

मी पूर्व काँगोतल्या उत्तर आणि दक्षिण किवू प्रांतांत मदतसामग्री पोहोचवण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. ट्रक ठरवणं, गोदाम सांभाळणं, डिझेल मिळवणं आणि रोज सकाळी सहा वाजता कुठला रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची चौकशी करणं, असं ते काम. त्यामुळे माझं उत्तर थोडं रस्त्याच्या बाजूने झुकलेलं असणार. तुमच्या प्रश्नातली माहिती बरीचशी बरोबर आहे. अडचण आहे ती तिच्यातून काढलेल्या निष्कर्षात. रवांडाने हात काढला तर एम२३ची ताकद बरीच घटेल. लढाई संपेल का, हे वेगळ्या गोष्टींवर ठरतं, आणि त्याच गोष्टींकडे दर वेळी दुर्लक्ष होतं.

आधी रवांडाचं. याबद्दल शंका ठेवायला आता जागा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२४च्या मध्यावर दिलेल्या अहवालात काँगोच्या हद्दीत तीन ते चार हजार रवांडन सैनिक असल्याचा अंदाज दिला होता. जानेवारी २०२५मध्ये उत्तर किवूची राजधानी गोमा एम२३च्या हाती पडली, फेब्रुवारीत दक्षिण किवूची राजधानी बुकावू गेली, आणि त्याच फेब्रुवारीत सुरक्षा परिषदेने ठराव २७७३ एकमताने मंजूर करून रवांडाचं नाव घेत सैन्य मागे घ्यायला सांगितलं. रवांडा सरकार ‘आमचे बचावात्मक उपाय’ एवढंच म्हणतं. तिथे काम करणाऱ्यांना अहवालाची वाट बघावी लागत नव्हती. डोंगरातल्या स्थानिक गटांचा गोळीबार आम्ही वर्षानुवर्षं ऐकलेला होता. तो वेळी-अवेळी होतो, भरकटतो, दारूगोळा संपला की थांबतो. एम२३ २०२२मध्ये पुढे सरकू लागला तेव्हा तोफगोळे रात्रीसुद्धा नेमके पडत होते, रसद तुटत नव्हती, आणि पुढे तर विमानांचं जीपीएस चुकायला लागलं. अशी यंत्रणा गावातल्या वर्गणीवर उभी राहत नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धंच राहतं. बाहेरच्या देशाला पेटवायला आत काहीतरी सुकं सरपण लागतं, आणि किवूमध्ये ते रवांडाच्या आजच्या सरकारच्या कितीतरी आधीपासून रचून ठेवलेलं आहे. १९३०च्या दशकात बेल्जियन सत्तेने रवांडातून तिथल्या हुतू आणि तुत्सी या दोन्ही समाजांतले मजूर आणि शेतकरी आणून उत्तर किवूतल्या मासिसीच्या डोंगरांत वसवले. मळ्यांना माणसं हवी होती. जमीन मात्र तिथल्या हुंडे लोकांच्या परंपरेतली होती. स्वातंत्र्यानंतर १९७२च्या कायद्याने या वसलेल्या लोकांना नागरिकत्व मिळालं आणि १९८१च्या कायद्याने ते काढून घेतलं. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं त्याच डोंगरावर राहणारा माणूस एका सहीने परका झाला, आणि परक्याच्या नावावर जमीन कशी, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १९९३मध्ये मासिसी आणि वालिकालेमध्ये कत्तली झाल्या, हजारो माणसं मेली. तेव्हा रवांडातला नरसंहार व्हायचा होता आणि कोल्टन, म्हणजे मोबाईलमध्ये लागणाऱ्या टँटलम धातूचं खनिज, कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ‘खनिजांसाठी लढाई’ हे वाक्य मला अपुरं वाटतं ते यामुळे.

मग १९९४ आलं. रवांडात अल्पसंख्य तुत्सींचा नरसंहार झाला आणि तो करणारं हुतू सरकार हरल्यावर जुलैमध्ये काही दिवसांत आठ-दहा लाख हुतू निर्वासित गोमाच्या बाजूला आले. त्यांच्यात बायका-मुलं होती, म्हातारी माणसं होती, आणि पराभूत सैन्य व कत्तली करणाऱ्या इंटराहाम्वे टोळ्याही होत्या, शस्त्रांसकट. कॉलऱ्याने हजारो माणसं गेली. जगभरातून मदत आली, आणि इथे आमच्या पेशाचा संबंध येतो म्हणून जरा थांबते. छावणीत धान्य वाटायचं तर याद्या लागतात. त्या याद्या ज्या पुढाऱ्यांनी दिल्या, तेच कत्तल घडवणारे होते. त्यांनी माणसं फुगवून लिहिली, उरलेलं धान्य विकलं, त्यातून सैन्य पोसलं आणि सीमेपलीकडे हल्ले सुरू ठेवले. एमएसएफच्या, म्हणजे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या, फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४मध्ये या कारणाने छावण्यांतलं काम बंद केलं; बाकी अनेक संस्था राहिल्या, कारण निघून गेलं तर मुलं मरणार होती. दोन्ही बाजूंना नैतिक आधार होता. बाहेरची शक्ती म्हटलं की आपल्याला सैन्य आणि राजधान्या आठवतात. त्या दोन वर्षांत सगळ्यात परिणामकारक बाहेरची शक्ती धान्याची पोती होती.

१९९६मध्ये रवांडाने त्या छावण्या मोडल्या आणि युगांडासोबत काँगोली बंडखोर नेते लॉरां-देझिरे कबिला यांना पुढे करून मे १९९७मध्ये काँगोचे हुकूमशहा मोबुटू यांची राजवट पाडली. वर्षभरात कबिलांचं आणि त्यांच्या पाठीराख्यांचं बिनसलं, आणि ऑगस्ट १९९८मध्ये दुसरं युद्ध पेटलं. कबिलांच्या मदतीला अंगोला, झिंबाब्वे, नामिबिया. समोर रवांडा, युगांडा आणि त्यांनी उभे केलेले काँगोली गट. या युद्धातला एक प्रसंग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. जून २०००मध्ये रवांडा आणि युगांडा, म्हणजे एकाच बाजूचे दोन मित्रदेश, काँगोतल्या किसांगानी शहरात सहा दिवस एकमेकांवर तोफा डागत होते. मेले शहरातले लोक. ते शहर ना रवांडाचं, ना युगांडाचं. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काँगोतल्या कारवायांबद्दल युगांडाला दोषी धरलं आणि २०२२मध्ये ३२.५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. बाहेरच्या देशांचं आपापसातलं भांडण दुसऱ्याच्या अंगणात लढलं जातं, हे तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये युगांडाचं सैन्य एडीएफ या मूळच्या युगांडातल्या बंडखोर गटाविरुद्ध काँगो सरकारच्या परवानगीने उत्तर किवूतल्या बेनीकडे उतरलं, सोबत रस्ते बांधायचे करार आले, आणि त्याच महिन्यात आठ वर्षं निपचित असलेला एम२३ पुन्हा उठला. योगायोग असू शकतो. मला तसं वाटत नाही. रवांडाला किवूचा व्यापार आपल्याकडून वळून कंपालाकडे, म्हणजे युगांडाकडे, जाताना दिसत होता.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, कारण सशस्त्र गट टिकतो कसा हे तिथे कळतं. गोमाहून मासिसीकडे ट्रक निघाला की पंचवीस-एक किलोमीटरवर साके लागतं आणि तिथून चढ सुरू होतो. २०२१च्या आधीच्या काळात त्या रस्त्यावर जो नाका लागायचा तो म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, एका टोकाला दगड बांधलेला, आणि सावलीत बसलेली तीन-चार पोरं. कधी सरकारी सैन्याची, कधी स्थानिक गटाची, कधी दोन्ही. मोटारसायकलवाला, चुकुडूवर, म्हणजे त्या लाकडी ढकलगाडीवर, कोळशाची पोती नेणारा, पाठीवर बटाट्याची टोपली घेतलेली बाई, सगळ्यांकडून थोडं थोडं. काही नाक्यांवर शिक्का मारलेली चिठ्ठी मिळायची, ती दाखवली की पुढच्या नाक्यावर परत द्यावं लागत नसे. आमची संस्था पैसे देत नसे, त्यामुळे आमचे ट्रक तासन्‌तास उभे राहायचे आणि मी फोनवर. चालकांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. कुठला गट चांगला, असं ते कधी बोलत नसत. ते मोजत असत ते इतकंच, की रस्त्यावर मालक किती आहेत. एकाच्या ताब्यात रस्ता असला तर एकदा द्यावं लागतं, चौघांच्या असला तर चारदा. एम२३च्या ताब्यात रस्ता गेल्यावर काही व्यापाऱ्यांना हायसं वाटलं ते यामुळे, आणि तेच व्यापारी काही महिन्यांनी करांच्या दरामुळे आणि सालोंगोच्या, म्हणजे सामूहिक श्रमदानाच्या, नावाखाली गावकऱ्यांकडून करवून घेतलेल्या सक्तीच्या कामामुळे बोटं मोडत होते.

या नाक्यांचा हिशेब लक्षात घेतला तर खनिजांचंही नीट समजतं. अमेरिकेत २०१०मध्ये डॉड-फ्रँक कायदा झाला, त्यातल्या कलम १५०२ने कंपन्यांना काँगो आणि शेजारी देशांतल्या खनिजांचा हिशेब द्यायला लावला. त्याच सुमारास काँगो सरकारने पूर्वेकडच्या हाताने चालणाऱ्या खाणींवर काही महिन्यांची बंदीही घातली. खाणकामगारांची उपासमार झाली. गट मात्र मेले नाहीत. ते रस्त्यावर, लाकूड-कोळशावर, पाम तेलावर, गुरांवर सरकले. एम२३ने रुबायाच्या कोल्टन खाणी घेतल्या त्या एप्रिल २०२४च्या अखेरीस, म्हणजे लढाई परत सुरू झाल्यावर अडीच वर्षांनी. तिथून जगातल्या टँटलमच्या सुमारे १५ टक्के माल निघतो आणि तज्ज्ञगटाच्या हिशेबाने एम२३ तिथल्या करातून महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळवत होता. ही रक्कम फार मोठी आहे. पण क्रम बघा: गट आधी उभा राहिला, खाण नंतर आली. खाणीमुळे लढाई सुरू झाली नाही, खाणीमुळे ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. आणि यातला तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला मुद्दा असा की महिन्याला एवढी कमाई असलेल्या गटाचा पाठीराखा उद्या मागे हटला, तरी गट लगेच विरघळत नाही.

मग दबावाचा उपयोग नाही का? आहे, आणि तो एकदा झालेला आपण पाहिलाय. नोव्हेंबर २०१२मध्ये एम२३ने गोमा घेतलं होतं आणि दहा-बारा दिवसांत सोडलं. वर्षभरात तो गट हरला. त्या वर्षात काय काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी यांच्यासह अनेक देशांनी रवांडाची मदत रोखली. फेब्रुवारी २०१३मध्ये आदिस अबाबात प्रदेशातल्या ११ देशांनी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या गटांना पोसायचं नाही असा करार केला. मार्चमध्ये सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीच्या सैनिकांची हल्ला करायची मुभा असलेली तुकडी मंजूर केली. काँगोच्या सैन्यात काही तुकड्यांना वेळेवर पगार, जेवण आणि मामादू न्दालांसारखे धडाडीचे अधिकारी मिळाले. त्यातच एम२३ आतून फुटला. बोस्को न्टागांडा हा त्यातला सेनानी हरलेल्या बाजूला होता, तो मार्चमध्ये रवांडाची राजधानी किगालीतल्या अमेरिकी दूतावासात जाऊन शरण आला आणि पुढे त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. पैसा, बंदूक, शेजारी आणि स्वतःचं सैन्य ही चारही टोकं एकाच वेळी ओढली गेली म्हणून नोव्हेंबर २०१३मध्ये लढाई थांबली.

आणि तरीही ती परत आली. हरलेले लढवय्ये युगांडा आणि रवांडात छावण्यांमध्ये बसून राहिले. डिसेंबर २०१३मध्ये नैरोबीत त्यांना परत घेण्याबद्दल, माफीबद्दल, निर्वासितांच्या परतीबद्दल कागद झाले, अंमलबजावणी रखडली. रवांडात किझिबासारख्या छावण्या आहेत, तिथे १९९६पासून काँगोली तुत्सी निर्वासित राहतात. तिथे जन्मलेला मुलगा आज पंचविशीचा आहे, त्याने मासिसी पाहिलेलं नाही, पण आपल्या कुटुंबाची कुरणं कुठल्या डोंगरावर होती ते तो सांगतो. त्या कुरणांवर आज दुसऱ्या कोणाचं घर आहे, आणि त्या घरातली माणसंही कुठूनतरी हाकललेलीच आहेत. गटांना माणसं मिळतात ती या दोन्ही घरांतून. २०१३ नंतरची आठ वर्षं या प्रश्नाला हात घालायला मिळाली होती. माझ्या मते या संघर्षातली सगळ्यात महाग पडलेली वर्षं तीच, आणि त्यांच्याबद्दल कोणीही फारसं बोलत नाही याचा मला मनापासून राग येतो.

या वेळी दबाव का चालला नाही, हेही सांगायला हवं. रवांडा २०१२चा राहिलेला नाही. जुलै २०२१पासून त्याचं सैन्य मोझांबिकच्या काबो देल्गादोत लढतंय, जिथे फ्रेंच कंपनीचा मोठा वायूप्रकल्प आहे, आणि त्या कामासाठी युरोपीय संघाने पैसे दिले. शांतिसेनेत सैनिक पाठवणाऱ्या मोठ्या देशांत तो आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये, एम२३ गोमाच्या वेशीवर असताना, युरोपीय संघाने रवांडाशी खनिजांचा करार केला. मोठे निर्बंध आले ते गोमा पडल्यावर. जो देश तुमची कामं करतो त्याच्यावर हात उगारायला तुम्ही कचरता, हे रवांडाचे अध्यक्ष कागामे यांना नीट ठाऊक आहे.

किन्शासाची, म्हणजे काँगो सरकारची, बाजूही कोरी नाही. एफडीएलआर हा १९९४च्या गुन्हेगारांच्या वारशातून आलेला हुतू गट. रवांडा त्याचं नाव पुढे करून सगळ्याचं समर्थन करतं. त्याची ताकद आज एवढी नाही की त्यासाठी दोन प्रांतांच्या राजधान्या घ्याव्या लागतील. पण काँगोच्या सैन्याने मे २०२२पासून त्याच गटाला आणि इतर टोळ्यांना सोबत घेऊन लढायचं ठरवलं, त्यांना ‘वाझालेंदो’, म्हणजे देशभक्त, म्हणून गौरवलं, शस्त्रं दिली. शिवाय रोमानियन भाडोत्री सैनिक आणले. त्यांचा महिन्याचा मोबदला साध्या काँगोली सैनिकाच्या पगाराच्या कित्येक पट होता. गोमा पडलं तेव्हा ते रवांडाच्याच वाटेने घरी गेले. दक्षिण किवूत बुरुंडीचं सैन्य काँगोच्या बाजूने आहे. उद्या एम२३ नाहीसा झाला तरी या वाटलेल्या बंदुका कोण गोळा करणार? हे मी कोणाही मुत्सद्द्याला विचारते तेव्हा उत्तर मिळत नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक आडवी नोंद. काँगोतल्या बाहेरच्या शक्तींमध्ये भारतही आहे. १९६०मध्ये खाणसमृद्ध कटांगा प्रांत बेल्जियमच्या आणि खाणकंपनीच्या आधाराने फुटला, भाडोत्री सैनिक उतरले, आणि त्या फुटीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी वीरमरण आलं. त्यांना परमवीरचक्र मिळालं. गोमात भारतीय तुकडी अनेक वर्षं आहे. जुलै २०२२मध्ये बुटेंबोत शांतिसेनेच्या तळावर जमाव चालून गेला, तेव्हा सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. ज्यांच्या रक्षणासाठी शांतिसेना होती त्यांचाच हा राग होता. इतकी वर्षं शांतिसेनेची निळी शिरस्त्राणं डोळ्यांसमोर आणि तरी गावं जळतात, मग यांचा उपयोग काय, असं लोक विचारतात. बाहेरून आलेल्या चांगल्या हेतूलाही तिथे जाब द्यावा लागतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. एम२३पुरतं बोलायचं तर रवांडाने सैन्य आणि दारूगोळा मागे घेतला तर मोठी शहरं ताब्यात ठेवणं गटाला जड जाईल. माझ्या अंदाजाने काही महिन्यांत तो डोंगरात परतेल. तिथून त्याला बाहेर काढणं नागरिकत्व, जमीन आणि निर्वासितांच्या परतीवर अवलंबून राहील. बाकी गटांबाबत हे उत्तर लागूच पडत नाही. एडीएफ मूळचा युगांडातला, इस्लामिक स्टेटला निष्ठा वाहिलेला. रवांडाच्या मदतीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि बेनीच्या बाजूला गावकऱ्यांना सर्वांत निर्घृणपणे मारणारा तोच आहे. उत्तरेकडच्या इतुरी प्रांतातला कोडेको हा गट तर शेतकरी-गुराखी वादातून आलेला, जवळजवळ पूर्ण स्थानिक. पूर्व काँगोत शंभराहून जास्त सशस्त्र गट आहेत. प्रत्येकाबद्दल मी तीनच गोष्टी विचारते: पैसा कुठून, माणूस कुठून, दारूगोळा कुठून? जिथे तिन्हींचं उत्तर सीमेपलीकडे आहे तिथे राजधानीवरचा दबाव लगेच लागू पडतो. एम२३च्या बाबतीत दारूगोळ्याचं उत्तर पलीकडे आहे, माणसांचं निम्मं पलीकडे, आणि पैशाचं आता बरंचसं अलीकडे.

करारांच्या बातम्या वाचताना याच नजरेने वाचा. जून २०२५मध्ये वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, जुलैमध्ये दोहात काँगो सरकार आणि एम२३ यांच्यात तत्त्वांचा जाहीरनामा झाला, ४ डिसेंबरला काँगोचे अध्यक्ष त्शिसेकेदी आणि कागामे अमेरिकेत एकत्र बसले, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात एम२३ दक्षिण किवूतल्या उविरात शिरला. वॉशिंग्टनमधल्या सह्या होत्या दोन देशांच्या, ताबा होता गटाचा. म्हणून छायाचित्रापेक्षा बारीक गोष्टींवर लक्ष ठेवा. जानेवारी २०२५पासून बंद पडलेला गोमाचा विमानतळ आणि किन्शासाच्या आदेशाने बंद झालेल्या बँका कोणाच्या परवानगीने उघडतात? युगांडाच्या सीमेवरच्या बुनागाना नाक्यावरचा कर कोणाच्या तिजोरीत जातो? रुबायाचा माल कुठल्या रस्त्याने बाहेर पडतो? आणि किझिबातलं एखादं कुटुंब मासिसीत परतलं, तर त्याला जमिनीचा कागद कोण देतं आणि तिथे आधीपासून राहणाऱ्याला पर्यायी जमीन कोण देतं? यातल्या शेवटच्या प्रश्नासाठी कुठल्याही करारात पैसे राखून ठेवलेले दिसले, तर मला आवर्जून कळवा.